लग्न न करता, दोन वेगळ्या पासपोर्टांवर पोर्तुगालला स्थायिक व्हायचं असेल तर

ताई, तुमची परिस्थिती मला समजली ती अशी. तुमचं वय ६१, पासपोर्ट भारतीय, घर कोथरूडला. पती केंद्र सरकारच्या नोकरीत होते, ते जाऊन नऊ वर्षं झाली आणि त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन तुम्हाला मिळतं. जोडीदार ६७ वर्षांचे, जर्मन नागरिक, घटस्फोटित, चाकणच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. चार वर्षं तुम्ही एकत्र आहात. पहिली दोन वर्षं ते नोकरीच्या व्हिसावर तुमच्याच घरी राहिले, निवृत्तीनंतर पर्यटक व्हिसावर येऊन-जाऊन असतात. लग्न करायचं नाही, हे दोघांनी विचारपूर्वक ठरवलंय. आता पोर्तुगालच्या एखाद्या लहान गावात कायमचं राहायला जायचंय. तुमचे प्रश्न दोन: लग्नाशिवाय तुम्हाला तिथे राहू देतील का, आणि उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर तुम्हाला परत पाठवतील का?

पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर तुम्ही कुठल्या दारातून आत शिरता त्यावर अवलंबून आहे. एकोणीस वर्षं मी हे काम करतेय. बहुतेक जोडपी पहिल्याच प्रश्नात गुंतून पडतात आणि दुसरा विचारायचा राहून जातो. तुम्ही तो आधीच विचारलात, म्हणून मोकळेपणाने सगळं सांगते.

आधी एक गोष्ट, जी ऐकून तुमच्या जोडीदारांना धक्का बसेल. ते तुम्हाला पोर्तुगालला नेऊ शकतात, पण सरळ स्वतःच्या जर्मनीत नेऊ शकत नाहीत. जर्मन नागरिकाच्या परदेशी पत्नीला तिथला निवासकायदा हक्क देतो, लग्न न केलेल्या जोडीदाराला देत नाही. युरोपीय संघाचा नागरिक आपला देश सोडून संघातल्या दुसऱ्या देशात राहायला गेला, की मात्र त्याला वेगळा कायदा लागू होतो. तो म्हणजे २००४ चा ३८ क्रमांकाचा निर्देश, मुक्त संचाराचा. त्यात पती-पत्नी आहेत, काही अटींवर नोंदणीकृत जोडीदार आहेत, आणि तिसऱ्या कलमात 'ज्याच्याशी टिकाऊ आणि रीतसर सिद्ध केलेलं नातं आहे असा जोडीदार' हाही आहे. या तिसऱ्या प्रकाराला निर्देश थेट हक्क देत नाही. यजमान देशाने प्रवेश आणि निवास 'सुकर करावा', प्रत्येक प्रकरण खोलात जाऊन तपासावं आणि नकार दिला तर कारण द्यावं, एवढं तो सांगतो. पोर्तुगाल यापुढे एक पाऊल गेलंय. हा निर्देश त्यांनी २००६ च्या ३७ क्रमांकाच्या कायद्याने अमलात आणला आणि 'उनियांव द फाक्तु'मध्ये राहणाऱ्या जोडीदाराला थेट कुटुंबीयांच्या व्याख्येतच बसवलं.

उनियांव द फाक्तु म्हणजे शब्दशः 'प्रत्यक्षातलं एकत्र असणं'. २००१ च्या ७ क्रमांकाच्या कायद्याने त्याला मान्यता आहे. दोन प्रौढ माणसं, स्त्री-पुरुष असोत वा समलिंगी, दोन वर्षांहून जास्त काळ नवरा-बायकोसारखी एका घरात राहिली की ते नातं कायद्याला दिसतं. त्यासाठी कुठलाही विधी नाही, कुणापुढे उभं राहून शपथ घ्यायची नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे तुमची वैवाहिक स्थिती बदलत नाही. तुम्ही कागदोपत्री विधवाच राहता, ते घटस्फोटितच राहतात. हा मुद्दा तुमच्या पेन्शनसाठी सोन्यासारखा आहे. त्याकडे पुढे येते.

आता अडचण. हे नातं पोर्तुगालमध्ये साधारणपणे सिद्ध होतं ते फ्रेगेझियाच्या जुंतेच्या दाखल्याने. जुंता म्हणजे गावाची किंवा वॉर्डाची सगळ्यांत खालची लोकनियुक्त पायरी, आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळची. दोघांचं जबानी प्रतिज्ञापत्र, दोघांचे पूर्ण जन्मदाखले, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच फ्रेगेझियातले दोन मतदार साक्षीदार. मी एका जोडप्याबरोबर असा दाखला घ्यायला गेले होते. शाळेच्या वर्गाएवढं कार्यालय, खिडकीपाशी बसलेली बाई जोडप्याला नावाने ओळखणारी. साक्षीला आले होते शेजारचा बेकरीवाला आणि रोज त्याच बाकावर बसणाऱ्या एक आजी. बाईने आजींना एवढंच विचारलं, "हे दोघं एका घरात राहतात, हे तुम्हाला माहीत आहे ना?" आजी म्हणाल्या, "यांचे कपडे एकाच दोरीवर वाळतात." सही झाली, शिक्का बसला. सगळा मामला वीस मिनिटांचा.

पण तुम्ही काल आलेल्या असाल तर ती बाई सही कशाच्या जोरावर करणार? तुमची दोन वर्षं कोथरूडला गेली, ती तिला दिसलेली नाहीत. आणि भारतात अशा नात्याची नोंद ठेवणारं कार्यालयच नाही. २०२५ च्या जानेवारीपासून उत्तराखंडात अशी नोंदणी सुरू झालीय, महाराष्ट्रात तसं काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० पासून लग्नासारख्या नात्याला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली ओळख दिलीय हे खरं, पण ती ओळख कुठल्या दाखल्यावर छापून मिळत नाही. म्हणून पुरावा तुकड्यातुकड्यांनी उभा करावा लागतो, आणि तो उभा करताना लोक चुकीच्या गोष्टी गोळा करतात. सहलीचे फोटो, वाढदिवसाची कार्डं, व्हॉट्सअॅपच्या पानांची चळत. अधिकाऱ्याला तुमच्या प्रेमाबद्दल शंका नसते. त्याला हवं असतं एक छप्पर, दोन नावं आणि तारखा, तेही तिसऱ्या कुणीतरी, शक्यतो सरकारी माणसाने, त्या त्या वेळी लिहिलेल्या.

तुमच्याकडे असे कागद आहेत, फक्त तुम्ही त्यांना पुरावा समजत नसाल. ते नोकरीच्या व्हिसावर होते तेव्हा परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे त्यांची नोंद झाली असेल. त्या निवासपरवान्यावर पत्ता तुमच्या घराचा असेल तर तो तुमच्या फाइलमधला सगळ्यांत वजनदार कागद. दुसरा सी-फॉर्म. परदेशी पाहुणा घरी उतरला की घर देणाऱ्याने २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. पुष्कळांना हे हॉटेलांपुरतंच वाटतं, पण घरमालकालाही ते लागू आहे. तुम्ही प्रत्येक वेळी भरला असेल तर त्यांच्या येण्याजाण्याची तुमच्या पत्त्यासकट, सरकारी तारखांची साखळी तयार आहे. भरला नसेल तर पुढच्या खेपेपासून न चुकता भरा. कायद्याचंही पालन होतं आणि कागदही होतो. तिसरं, सोसायटीचं पत्र, पण मोघम नको. अमुक तारखेपासून अमुक सदनिकेत दोघं राहतात, असं लेटरहेडवर आणि सचिवांच्या सहीने. चौथं, रुग्णालयाची कागदपत्रं, जिथे एकाच्या दाखल होण्याच्या अर्जावर दुसऱ्याचं नाव 'नातेवाईक' म्हणून लिहिलंय. माझ्या अनुभवात हा कागद अधिकारी दोनदा वाचतात.

मागच्या दोन वर्षांतल्या खंडांचं काय? जर्मन माणसाला आपल्या ई-पर्यटक व्हिसावर एका वेळी ९० दिवसच राहता येतं. भारतात निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा नाही आणि लग्न न केलेल्या जोडीदारासाठी तर नाहीच. तुम्हाला शेंगेन व्हिसावर कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. म्हणजे दोन्हीकडच्या कायद्यांनीच तुम्हाला वर्षातले काही महिने वेगळं ठेवलं. हे लपवू नका. मी अशा फाइलमध्ये एक साधा तक्ता लावते: कोणता महिना, कोण कुठे, कोणत्या व्हिसावर, पासपोर्टावरचा शिक्का कोणत्या पानावर. नातं तुटलं नव्हतं, व्हिसा संपला होता, हे त्या तक्त्यातून आपोआप दिसतं. तरीही स्पष्ट सांगते, एवढ्यावर सगळी मदार ठेवायला मी तुम्हाला सांगणार नाही. दोन वर्षं पूर्ण झालीत की नाहीत, हा निर्णय शेवटी खिडकीपलीकडच्या माणसाच्या हातात राहतो.

म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. तुमचा पहिला निवासपरवाना त्यांच्या पासपोर्टावर टांगूच नका. स्वतःच्या पेन्शनवर जा.

पोर्तुगालचा डी-७ व्हिसा अगदी यासाठीच आहे. काम न करता येणाऱ्या उत्पन्नावर, म्हणजे पेन्शन, घरभाडं, व्याज, लाभांश यांवर, जगू शकणाऱ्या परदेशी माणसासाठी. किमान उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं लागतं. २०२५ मध्ये ते महिना ८७० युरो होतं, २०२६ साठी ९२० युरो. आपल्या हिशेबात लाखाच्या आसपास. तुम्ही दिलेले आकडे असे: कुटुंब निवृत्तिवेतन ४८ हजार, ठेवींचं व्याज ४० हजार, आणि कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला तर ३४ हजार. बेरीज १ लाख २२ हजार. तुम्ही बसता, आणि जोडीदाराचं एक पैचंही उत्पन्न न दाखवता बसता. फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार मात्र नोंदणी केलेला हवा. महाराष्ट्रात तो तसाही सक्तीचा आहे, आणि नोंदणी न झालेला करार व्हिसाच्या फाइलमध्ये उत्पन्नाचा पुरावा म्हणून उभा राहत नाही. याशिवाय तिथला करक्रमांक, ज्याला निफ म्हणतात, तिथलं बँक खातं आणि त्यात साधारण वर्षभराच्या किमान उत्पन्नाएवढी रक्कम, राहण्याच्या जागेचा पुरावा, पोलीस पडताळणीचा दाखला, विमा. व्हिसा चार महिन्यांचा मिळतो. तेवढ्यात तिथे जाऊन आइमाकडून निवासपरवाना घ्यायचा. आइमा म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर जुनं परदेशी नागरिक खातं बंद करून उभारलेली संस्था. तिच्याकडे कामाचा ढीग मोठा आहे, तेव्हा धीर लागेल. पहिला परवाना दोन वर्षांचा. त्या काळात सलग सहा महिने किंवा मिळून आठ महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहायचं नाही. नातवंडांसाठी दर हिवाळ्यात चार महिने पुण्याला येईन असा बेत असेल तर तो आत्ताच आवरा. दोन वर्षांत आठ महिने म्हणजे तुम्ही अगदी काठावर असाल.

तुमच्या जोडीदारांचं काम त्या मानाने सोपं. युरोपीय संघाचे नागरिक म्हणून ते केव्हाही जाऊ शकतात. तीन महिने झाले की पुढच्या तीस दिवसांत तिथल्या नगरपालिकेत नोंदणी करायची, प्रमाणपत्र मिळतं. झालं.

मग दोघं एकाच घरात राहायला लागलात की तुमची दोन वर्षं पोर्तुगालच्या भूमीवर, पोर्तुगालच्या कागदांवर मोजली जायला सुरुवात होते. कर कार्यालयात दोघांचा पत्ता एक, भाडेकरार एक, विजेचं बिल एकाच्या नावाने तर पाण्याचं दुसऱ्याच्या. दोन वर्षांनी जुंतेतली ती बाई तुम्हालाही नावाने ओळखत असेल. तेव्हा तुमच्यापुढे दोन्ही दारं उघडी असतील: स्वतःच्या परवान्याचं तीन वर्षांचं नूतनीकरण, किंवा युरोपीय नागरिकाचा जोडीदार म्हणून निवासकार्ड. पाच वर्षं झाली की दोन्ही वाटा कायम निवासाच्या अर्जापाशी येतात.

आणि आता तुमचा दुसरा प्रश्न. तुम्ही केवळ जोडीदार म्हणून निवासकार्डावर असाल आणि ते गेले, तर निर्देशाच्या बाराव्या कलमाखाली हक्क टिकण्यासाठी त्यांच्या मृत्यूपूर्वी तिथे कुटुंबीय म्हणून किमान एक वर्ष राहिलेलं असावं लागतं. शिवाय पुढे तुमची स्वतःची ऐपत आणि विमा दाखवावा लागतो. गेल्या गेल्या सहाव्या महिन्यात काही झालं तर? एका बाईंची केस मी जवळून पाहिलीय. त्या जोडीदाराच्या पासपोर्टावर दक्षिण युरोपातल्या एका देशात गेल्या, आठव्या महिन्यात ते गेले. दुःख आवरायच्या आतच त्यांना वकील शोधावा लागला. स्वतःचं पुरेसं उत्पन्न त्यांनाही होतं, पण तो रस्ता त्यांना कुणी दाखवलाच नव्हता. डी-७ वर असाल तर त्यांच्या असण्या-नसण्याने तुमचा परवाना हलत नाही. तुमच्या उत्पन्नात ही सोय आहे, ती सोडू नका.

आता लग्न आणि पेन्शन. तुम्ही कारण लिहिलेलं नाही, आणि ते सांगायची गरजही नाही, पण हिशेब मांडणं माझं काम आहे. केंद्राच्या नियमांत विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूपर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत चालतं. अपत्य नसलेल्या विधवेला कमी उत्पन्न असेल तर सवलत आहे, पण तुम्हाला दोन मुलं आहेत आणि दोघं कमावती. म्हणजे लग्न केलंत तर दरमहा ४८ हजार बंद. आणि त्याबरोबर डी-७ ची पात्रताही गेली, कारण उरलेले ७४ हजार कमी पडतात. उलट बाजूला, जर्मन पेन्शनमधून विधवेला मिळणारा भाग फक्त लग्नाच्या बायकोला मिळतो. 'मोठी विधवा पेन्शन' नावाच्या प्रकारात तो साधारण ५५ टक्के असतो, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत मृत्यू झाला तर ते लग्न पेन्शनसाठीच केलं असं धरलं जातं. त्यांची पेन्शन किती आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ती चांगली मोठी असेल तर दोघांनी कागद-पेन घेऊन एकदा बसा. निर्णय तुमचाच, पण तो आकडे पाहून घेतलेला असू दे.

इथेच एक इशारा. 'स्पेनला किंवा नेदरलँड्सला जाऊन नोंदणीकृत जोडीदार व्हा, काम सोपं होतं' असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल. इतरांसाठी तो चांगलाही असेल. तुमच्यासाठी नाही. पुनर्विवाह केला तर कळवीन, असं हमीपत्र तुम्ही बँकेत दिलेलं असतं. परदेशातली जोडीदारीची औपचारिक नोंदणी हा पुनर्विवाह धरायचा की नाही, हा वाद तुमच्या पेन्शनच्या जिवावर मी खेळणार नाही. उनियांव द फाक्तुत नोंदणी नाही, फक्त वस्तुस्थितीचा दाखला आहे. म्हणूनच तुम्हाला पोर्तुगाल सुचलं ते उत्तम झालं.

कागदपत्रांत तुमचा सर्वांत जास्त वेळ कुठे जाईल ते सांगते: जन्मदाखला. तुमच्या पिढीतल्या निम्म्या बायकांकडे तो नसतो, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आयुष्य निघालेलं असतं. पोर्तुगालला तो लागतोच. गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जुन्या रजिस्टरात नोंद शोधा. नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला घेऊन उशिराच्या नोंदणीसाठी अर्ज करा. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याचा आदेश जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. त्याहून नाजूक भानगड नावाची. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर नावही बदलायचे. माहेरची सिंधू सासरी मेधा झाली, तांदळात नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिस्बनमधल्या अधिकाऱ्याला मात्र जन्मदाखल्यावर एक बाई दिसते आणि पासपोर्टावर दुसरीच. तुमचंही असं असेल तर लग्नाचा दाखला, नावबदलाचं राजपत्र आणि एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र, असा पूल आधीच बांधून ठेवा. त्यात पतीचा मृत्युदाखलाही लावा. आधीचं लग्न संपलेलं नसेल तर उनियांव द फाक्तुचे हक्क मिळत नाहीत, त्यामुळे तो प्रश्न येणारच.

या सगळ्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, घ्या आणि मग प्रमाणित पोर्तुगीज भाषांतर करून घ्या. क्रम उलटा केलात तर पैसे दोनदा जातात. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे आणि पोर्तुगालला ते चालतं. जर्मनीने मात्र भारताच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला आहे, तिथे आपलं अपोस्टिल मानत नाहीत. त्यामुळे एखादा जर्मन मित्र 'हे चालणार नाही' म्हणाला तर घाबरू नका, तो त्याच्या देशाबद्दल बरोबर बोलतोय. जोडीदारांच्या जन्मदाखल्याला आणि घटस्फोटाच्या निकालाला अपोस्टिलची गरज नाही. संघातल्या देशांमधल्या अशा कागदांसाठी ती अट २०१९ च्या फेब्रुवारीपासून उठली. त्यांच्या निकालावर तो अंतिम झाल्याचा शेरा आहे ना, एवढं पाहा.

आजारपणाचं. तुमच्या जोडीदारांना जर्मन सार्वजनिक विम्यातून एस-१ नावाचा फॉर्म घेऊन पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा जर्मनीच्या खर्चाने मिळू शकते. तुम्ही त्यांच्या विम्यात येणार नाही. जर्मनीतला कौटुंबिक विमा लग्नाच्या जोडीदारासाठी आहे. निवासपरवाना मिळाल्यावर तुम्ही स्वतः पोर्तुगालच्या सरकारी सेवेत नाव नोंदवू शकता, पण तोवर खासगी विमा हवा. आणि ६१ व्या वर्षी, मधुमेह असताना, विमा कंपनी आधीचे आजार वगळते. पॉलिसीत काय वगळलंय ती पानं आधी वाचा, हप्ता नंतर पाहा.

शुद्ध हरपली तर निर्णय कुणी घ्यायचा हेही लिहून ठेवा. पोर्तुगालमध्ये २०१२ च्या २५ क्रमांकाच्या कायद्याने उपचारांबद्दलची इच्छा आधीच नोंदवता येते आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस नेमता येतो. दोघांनीही एकमेकांना नेमा. नाहीतर म्युनिकहून त्यांची मुलगी येईपर्यंत डॉक्टर वाट पाहतील आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहाल.

मृत्युपत्राचा विषय तुम्ही काढलाच नाहीत. मी काढते, कारण इथे कायदा फसवा आहे. उनियांव द फाक्तुत जोडीदार वारस होत नाही. मृत्युपत्र नसेल तर तुम्हाला त्यांच्या मालमत्तेतलं काही मिळत नाही. ज्या घरात दोघं राहत होतात ते त्यांच्या मालकीचं असेल तर पाच वर्षं तिथे राहायचा हक्क आहे, आणि नातं पाच वर्षांहून जुनं असेल तर ते जितकी वर्षं होतं तितकी वर्षं. भाड्याचं घर असेल तर भाडेपट्टा तुमच्याकडे येऊ शकतो. मृत्युपत्राने काही दिलं तर तिथला १० टक्के मुद्रांक कर जोडीदाराला माफ आहे.

शिवाय २०१५ च्या ऑगस्टपासून युरोपात वारसाहक्काला सर्वसाधारणपणे तुमच्या शेवटच्या नित्य निवासाच्या देशाचा कायदा लागतो. म्हणजे तुम्ही तिथे स्थायिक होऊन गेलात तर तुमच्या मालमत्तेला पोर्तुगीज कायदा लागू पाहील, आणि त्यात दोन मुलांचा दोन तृतीयांश वाटा राखीव असतो. पण मृत्युपत्रात एक वाक्य घालून आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडता येतो. आपल्याकडे स्वकष्टार्जित मालमत्ता कुणालाही देण्याची मुभा असल्याने तुमच्यासाठी ते एक वाक्य फार मोलाचं आहे. तुमच्या जोडीदारांनी जर्मन कायदा निवडला तर मुलांना सक्तीचा हिस्सा पैशाच्या रूपात मागता येतो, घराच्या रूपात नाही. ते कोणता निवडतात हे दोघांनी वकिलापुढे एकत्र बसून ठरवा. तुमच्या मुलांनाही सांगा. माझ्या पाहण्यात भांडणं पैशांपेक्षा, आपल्याला अंधारात ठेवलं या भावनेने जास्त पेटली आहेत.

करांबद्दल एकच. 'पोर्तुगालमध्ये परदेशी पेन्शनवर फक्त १० टक्के कर' असं तुम्ही ऐकलं असेल. ती सवलत नव्याने येणाऱ्यांसाठी २०२३ अखेर संपली. दोन्ही देशांचं पाहणाऱ्या कर सल्लागाराला निघण्याआधी भेटा, आणि निघाल्यावर इथली बचत खाती एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतल्या खात्यांमध्ये, बदलून घ्या.

तुमच्यासारख्याच, पण थोड्या वेगळ्या परिस्थितीतल्या जोडप्यांसाठी दोन शब्द. जोडीदार ब्रिटिश असेल तर २०२० अखेरपासून त्याच्या पासपोर्टाला युरोपीय संघात ही ताकद उरलेली नाही. दोघांनीही आपापला डी-७ काढणं बरं, कारण पोर्तुगालच्या कायद्यातल्या २०२५ च्या ऑक्टोबरमधल्या दुरुस्तीनंतर कुटुंब बोलावण्यासाठी सर्वसाधारणपणे आधी दोन वर्षांचं वास्तव्य लागतं. जोडीदार मूळ गोव्याचा आणि पोर्तुगीज पासपोर्टधारक असेल तर २००६ चा तोच कायदा पोर्तुगीज नागरिकांच्या कुटुंबीयांनाही लागू आहे, आणि तिथे उनियांव द फाक्तु थेट उपयोगी पडतं. स्पेनमध्ये संघाच्या नागरिकाच्या जोडीदाराला सलग एक वर्षाचं सहजीवन सिद्ध केलं तरी पुरतं. पण स्वतःच्या उत्पन्नावर जायचं झालं तर तिथे २०२५ मध्ये महिना २४०० युरो लागत होते. थायलंडमध्ये लग्न न केलेला जोडीदार ही कल्पनाच व्हिसाच्या नियमांत नाही. पन्नाशी ओलांडलेल्या दोघांनी ८ लाख बाट किंवा महिना ६५ हजार बाट आपापले दाखवायचे. समलिंगी जोडप्यांना भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर लग्नाचा रस्ताच नाही, त्यामुळे पोर्तुगालचा हा कायदा त्यांच्यासाठी आणखी मोलाचा.

आणि पुढे कधी दोघांना जर्मनीलाच परतावंसं वाटलं, त्यांच्या नातवंडांजवळ, तर आज बंद असलेलं ते दार तेव्हा किलकिलं होतं. लग्न न केलेल्या जोडीदाराबरोबर दुसऱ्या सदस्य देशात खरोखर संसार करून आलेल्या नागरिकाला त्याच्या मायदेशानेही निवास सुकर करून द्यावा, असं युरोपीय न्यायालयाने २०१८ च्या जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या एका बाईंच्या प्रकरणात सांगितलंय. पण 'खरोखर संसार' हे त्यातले कळीचे शब्द आहेत, सुट्टीला जाऊन येणं त्यात बसत नाही.

या आठवड्यात दोनच कामं करा. गावी फोन लावून जन्मनोंदीचं रजिस्टर शोधायला सांगा, आणि जोडीदारांच्या जुन्या निवासपरवान्याची प्रत त्यांच्या कागदांतून काढून घ्या. तिथे घर बघायला जाल तेव्हा समुद्राकडे तोंड असलेली खिडकी जरूर बघा, पण भाडेकरारावर दोघांचीही नावं आणि दोघांच्याही सह्या घातल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका. घरमालक म्हणेल, एकाचं नाव पुरे. नको म्हणा. तुमची दोन वर्षं त्या सहीच्या तारखेपासून मोजली जाणार आहेत.